चौदा फुटी यंत्र, पंचवीस गुंठे रान

आमच्या गावच्या वेशीची कमान आतून बारा फूट दोन इंच रुंद आहे. चाळीस वर्षं मी तिच्याखालून ये-जा करतोय, पण तिचं माप मला ठाऊक नव्हतं. २०२४ च्या मे महिन्यात, रात्री अकराच्या सुमारास, आण्णांनी मला बॅटरीच्या उजेडात टेपचं टोक धरायला लावलं तेव्हा ते कळलं. मागं ट्रेलरवर पंजाबातून आलेलं हार्वेस्टर उभं होतं. पुढचा पीक कापणारा चौदा फुटी कटरबार सोडवून दुसऱ्या गाडीत घातला होता, तरी नुसत्या यंत्राची उंचीसुद्धा कमानीत बसत नव्हती. कुत्री भुंकत होती, अंगणात झोपलेली पोरं उठून आली होती. आण्णांनी टेप गुंडाळला, कमानीच्या दगडाला हात लावून नमस्कार केला आणि ड्रायव्हरला म्हणाले, "वड्याकडनं घ्या."

ओढ्याकडनं म्हणजे तीन किलोमीटरचा वळसा. यंत्र दारात आलं तेव्हा पहाटेचे दोन वाजले होते. आईनं भाकरतुकडा ओवाळून टाकला, पुढच्या दोन्ही चाकांवर पाणी घातलं, हळदीकुंकू लावलं. एवढ्या मोठ्या चाकाला कुंकू लावायला तिला टाचा उंचावाव्या लागल्या.

आमचं गाव बार्शी तालुक्यात, वैरागच्या बाजूला. घरचं रान चौदा एकर, बरंचसं काळं, थोडा मुरमाड माळ. खरिपात सोयाबीन, उडीद, बांधाच्या कडेनं तूर. रब्बीत ज्वारी, हरभरा, एखाद्या तुकड्यात करडई, आणि विहिरीनं साथ दिली तर गहू. चौदा एकरांना चौदा फुटी हार्वेस्टर लागत नाही. पण आमच्या भागात हार्वेस्टर घेणारा तो स्वतःपुरता घेतच नाही. घेताना शेजारपाजारच्या दोन-तीनशे एकरांचा हिशेब मनात असतो, त्या भाड्यावरच हप्ते फिटतात. म्हणून यंत्र मोठं घ्यायचं की नाही हा प्रश्न आमच्या घरापुरता नव्हता. आमच्या वहीत ज्यांचे नंबर लागायचे त्या सगळ्यांचा तो प्रश्न होता.

पहिलं यंत्र आम्ही २०१८ ला घेतलं. तेही जुनंच. सात फुटी, रबरी पट्ट्यांवर चालणारं, मुळात भातासाठी बनवलेलं. तासाला एकरभर सोयाबीन काढायचं. त्याच्या आधी सोयाबीन म्हणजे उक्तं द्यायचं. बायांची टोळी कापायची, दोन दिवस वाळवून गंज लावायची आणि मग मळणी यंत्राची वाट बघत बसायचं. करडईचं तर विचारू नका. काट्यांनी हात रक्ताळायचे, बाया हाताला फडकी गुंडाळून कापायच्या. आई सांगते, करडई काढून आल्यावर रात्री भाकरी थापता यायची नाही. आमच्या सोलापूर जिल्ह्यातली करडई कमी होत गेली त्याला ही काढणी हे एक मोठं कारण आहे. यंत्र आलं आणि आमच्या गावात चार जणांनी करडई पुन्हा पेरली.

ज्वारीला मात्र आम्ही हार्वेस्टर कधी लावलं नाही आणि लावणार नाही. बाहेरची माणसं हे ऐकून चकित होतात. ज्या जिल्ह्यात मोहोळच्या केंद्रावर मालदांडी ३५-१ निवडली गेली, जिथल्या मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळालं, त्या जिल्ह्याच्या मुख्य पिकाला हे यंत्र शिवत नाही. कारण आमच्याकडं ज्वारी नुसत्या दाण्यासाठी पेरत नाहीत. निम्मी ज्वारी कडब्यासाठी असते. हार्वेस्टर ताट मधेच कापतं आणि उरलेल्याचा भुगा करून मागं फेकतं. कडबा शेकड्यानं विकला जातो, दुष्काळात तर दाण्यापेक्षा त्याचीच राखण जास्त करावी लागते. त्यामुळं ज्वारी अजून उपटूनच काढतात, पेंढ्या बांधतात, कणसं खुडतात. लाखो रुपयांचं यंत्र शेडमध्ये उभं असतं आणि त्याच्या शेजारून आमच्या घरची माणसं ज्वारी उपटायला जातात. मला त्यात काही कमीपणा वाटत नाही. यंत्राचं काम कुठं संपतं हे ज्यानं त्यानं आपल्या पिकाला विचारून ठरवावं.

मोठ्या यंत्राचा विचार मनात आला तो २०२० च्या ऑक्टोबरात. त्या वर्षी सोयाबीन जोरात होतं आणि सगळ्यांचं एकदम वाळलं. सोयाबीनचा हा स्वभावच आहे. पेरणी एका पावसावर होते, म्हणून काढणीही एकाच आठवड्यात येते. आमच्या सात फुटी यंत्रामागं वहीत पन्नास-साठ एकर लागलेले. आम्ही ११ आणि १२ तारखेला आधी आपलं आठ एकर काढून घेतलं. यंत्र आपलं, तेव्हा आधी आपलं रान, यात कुणाला काही वावगं वाटलं नाही, आम्हालाही नाही. शेजारच्या तात्यांच्या तीन एकरांचा नंबर १४ तारखेचा होता. १४ ऑक्टोबर २०२० हा दिवस सोलापूर जिल्हा विसरणार नाही. त्या पावसानं भीमा-सीना पात्राबाहेर आल्या, पंढरपुरात घाटाची भिंत कोसळून माणसं गेली. आमच्याकडं रानातून ओढे वाहायला लागले.

आठ दिवसांनी तात्यांच्या रानात पाय घालता आला. त्यांनी एक झाड उपटलं, शेंग अंगठ्यानं दाबून फोडली आणि तळहातावर धरली. आत तीन दाणे होते. तिन्हींना पांढरे मोड आलेले, एकाचा मोड शेंगेची शिवण फोडून बाहेर डोकावत होता. आंबूस वास येत होता. मी मान खाली घालून उभा होतो. तात्या म्हणाले, "पाऊस काय सांगून येतो व्हय?" त्यांनी नंबराचा विषयसुद्धा काढला नाही. काढला असता तर बरं झालं असतं, असं आण्णा पुढं कितीतरी वेळा म्हणाले.

चार वर्षं ते मनात घोळत राहिलं. मग २०२४ च्या उन्हाळ्यात मी, आण्णा आणि आमचं यंत्र चालवणारा पोरगा असे तिघे सोलापूरहून कर्नाटक एक्स्प्रेसनं दिल्लीला आणि तिथून पतियाळ्याकडं गेलो. नाभा, भादसों ही नावं लहानपणापासून आमच्या शिवारात येणाऱ्या हार्वेस्टरांच्या पाठीवर वाचलेली. ती गावं खरोखर आहेत आणि तिथं रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कटरबार, चाळण्या, ड्रम, जुन्या यंत्रांचे सांगाडे मांडलेले असतात, हे बघून आण्णा रस्त्यातच थांबले. आपल्याकडं यात्रेत नव्या ढोलकीवर थाप मारून बघतात तसे ते एकेका पत्र्यावर बोटं वाजवत पुढं चालले होते.

जुनं यंत्र कसं बघायचं हे मी तिथं त्यांच्याकडून शिकलो. आण्णांनी उभ्या आयुष्यात सांगोल्याच्या बाजारातून सहा खिलार जोड्या आणल्या. बैल आदत, दुसा की चौसा, म्हणजे किती दाती, हे ते जबडा न उघडता, नुसत्या चालीवरून सांगत. इथं त्यांनी मीटरकडं बघितलंच नाही. मीटर बदलता येतो, म्हणाले. पंजाबात ही यंत्रं गव्हाबरोबर धान काढतात, आणि धानाच्या पेंढ्यात सिलिका असते, ती पत्रा कानशीसारखी खाते. म्हणून आण्णांनी आधी बघितलं ते जिथून पीक आत ओढलं जातं त्या ऑगरखालचं तळ. बोटाच्या पेरानं ठोकत ठोकत गेले. जाड पत्र्याचा आवाज बसका येतो, झिजलेला पत्रा चिरकतो. दोन यंत्रं त्यांनी त्या आवाजावरच नाकारली. तिसऱ्याचा पत्रा चांगला होता. मळणीच्या ड्रमच्या पट्ट्यांवरचे कंगोरे नखाला लागत होते, इंजिन गरम झाल्यावर ऑइल भरायचं झाकण काढलं तर धुराचा जोर नव्हता.

मग त्यांनी दाणे वर टाकीत नेणाऱ्या एलिवेटरच्या बुडाचं छोटं झाकण उघडायला लावलं. आतून मूठभर कचरा निघाला. गव्हाची साळं, धानाचं तूस, माती. तो तळहातावर पसरून आण्णा फुंकत राहिले, खळ्यावर रास वाऱ्याला द्यावी तसे. शेवटी हातात चार दाणे राहिले. गोल, पिवळट, एका बाजूला काळा डोळा असलेले. सोयाबीन. पतियाळ्याच्या त्या गावात कुणी सोयाबीन पेरत नाही. मालक सरदारजी हसले आणि म्हणाले, "बाबाजी, ये मशीन आपका मुलुक हमसे ज़्यादा जानती है." दर वर्षी दसऱ्याच्या आधी त्यांची माणसं ते महाराष्ट्रात नेत होती. आण्णांनी ते चार दाणे खिशात टाकले. सौदा त्याच क्षणी झाला, पैशाचं बोलणं नंतर अर्धा तास चाललं एवढंच.

घरी आल्यावर सात फुटी यंत्र विकलं. चार लाख आले, ते हवेच होते, बाकीचं बँक आणि सोसायटी. ते विकायला नको होतं असं मला आज वाटतं. पण तेव्हा दोन यंत्रं ठेवायची ऐपत नव्हती, आणि मोठं आलं की लहानाचं काम उरत नाही, असंच आम्ही धरून चाललो होतो.

२०२४ ची सुगी मात्र सुखाची झाली. आण्णांनी नियम घालून दिला, आपलं रान शेवटी. वहीच्या पहिल्या पानावर तात्यांचं नाव त्यांनी स्वतःच्या हातानं लिहिलं. पहिले दोन दिवस आम्ही नुसता ड्रम लावण्यात घालवले. गव्हाला ड्रम मिनिटाला आठशेच्या पुढं फिरवतात, सोयाबीनला पाचशेच्या आसपास पुरतो. जास्त झाला की दाण्याची डाळ होते आणि बार्शीच्या आडतीत हातात मूठ घेतल्या घेतल्या भाव उतरतो. कमी झाला की शेंगा न फुटता मागं जातात. मी यंत्रामागं चालायचो, एक फूट बाय एक फूट चौकट मातीवर ठेवायचो आणि आतले दाणे मोजायचो. त्या चौकटीत चार दाणे सापडले तर एकरी वीस-पंचवीस किलो सोयाबीन रानात राहिलं असं समजायचं. एकराचे ४३,५६० चौरस फूट होतात, गुणाकार करून बघा. पहिल्या फेरीला नऊ दाणे होते. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ते दोनावर आले. तात्या माझ्याबरोबर गुडघे टेकून मोजत होते.

त्या दोन दाण्यांचा मला फार आनंद झाला होता. मग संध्याकाळी वस्तीवरच्या बाया सरवा वेचायला आल्या. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय ते. रान मोकळं झालं की सांडलेलं ज्याला गरज असेल त्यानं वेचायचं. जुन्या यंत्रामागं एकीला दिवसाला सात-आठ किलो मिळायचं. त्या दिवशी त्या तासभर वाकून फिरल्या आणि ओच्यात पाच-सहा मुठी घेऊन परतल्या. एक जण जाताना म्हणाली, "लई साफ काढलंय की." ती चांगलं काम झालं म्हणूनच बोलली होती. आण्णांनी दुसऱ्या दिवसापासून प्रत्येक रानाचे चारही कोपरे यंत्रानं वळून वळून काढायचे बंद केले. कोपरे तसेच सोडायचे आणि ते बायांचे, असं रानमालकांना आधी सांगायचं. बहुतेकांनी मान्य केलं. दोघांनी नाही केलं, त्यांचाही हक्क आहे.

आता आक्कांचं सांगतो. आक्का आमच्या भावकीतल्या नाहीत, पण आण्णा त्यांना थोरली बहीण मानतात. त्यांचं रान पंचवीस गुंठे, गावविहिरीच्या पलीकडं, लांबट पट्टी. एक गुंठा म्हणजे ३३ फूट बाय ३३ फूट. चौदा फुटी कटरबारनं अडीच फेऱ्यांत गुंठ्याची रुंदी संपते. त्या रानात यंत्र आत गेलं तर अर्धा तास लागणार नाही. पण आत जायची वाट विहिरीचा कठडा आणि एक जुनी चिंच यांच्या मधून जाते, आणि तिथं नऊ फूट जागा आहे. सात फुटी यंत्र तिथून कठडा न घासता जायचं. सहा वर्षं आक्कांचं सोयाबीन आम्हीच काढलं. चौदा फुटी आणलं तेव्हा आम्ही वेशीची कमान मोजली, ओढ्याचा पूल मोजला, विजेच्या तारा किती खाली आल्यात ते बांबू धरून बघितलं. विहिरीजवळची वाट मोजायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही. कटरबार सोडवून आत न्यायचा म्हटलं तर दोन तास जोडणी-सोडणीत जातात, आणि आत वळायलाही जागा नाही. शासनानं २०२५ मध्ये शेतरस्ते किमान तीन ते चार मीटर रुंद करायचं ठरवलंय, चांगली गोष्ट आहे. चौदा फूट म्हणजे सव्वाचार मीटरच्या वर होतात.

आक्का म्हणाल्या, "राहू द्या. आधी हातानंच काढत होतो की." २०२४ ला त्यांनी मजूर लावले, आणि मजुरीनं त्यांच्या हातात फारसं काही उरलं नाही.

मोठ्या यंत्रात आणखी एक गोष्ट गेली, ती कळायला २०२५ चा सप्टेंबर यावा लागला. सीनेला महापूर आला, माढा-मोहोळकडची गावं पाण्यात गेली. आमच्याकडं पूर नव्हता, पण पाऊस उघडत नव्हता आणि काळ्या रानाला वापसा येत नव्हता, म्हणजे यंत्र घालण्याइतकी ओल उतरत नव्हती. पट्ट्यांचं हलकं यंत्र ओलसर रानातही तरंगल्यासारखं चालायचं. हे सात-आठ टनांचं, वर टाकीतलं धान्य, आणि सगळा भार चार चाकांवर. पाऊस थांबला तरी वापशासाठी आणखी दोन-तीन दिवस थांबावं लागतं, आणि तेवढ्यात पुन्हा ढग येतात. तासाला तीन एकर काढणारं यंत्र आम्ही सलग चार दिवस शेडमध्ये उभं केलेलं मी बघितलंय. त्या चार दिवसांत सात फुटी यंत्र हळूहळू का होईना, फिरत राहिलं असतं.

पाचव्या दिवशी माझा धीर सुटला. तात्यांच्या रानात आण्णांनी टाच दाबून बघितली आणि म्हणाले, "आजून बुडतीया. उद्या." आभाळ पुन्हा भरून येत होतं. मला २०२० ची ती शेंग दिसत होती. मी यंत्र आत घातलं. दोन फेऱ्या झाल्या, तिसऱ्या फेरीत टाकी निम्मी भरली आणि मागची चाकं बसली. मग पुढची. गियर टाकावा तशी ती आणखी खाली जात होती. चिखल आसापर्यंत आला. दोन ट्रॅक्टर लावले, दोर तुटला. शेवटी जेसीबी आणला. दीड दिवस गेला, चार घरांचे नंबर पुढं ढकलले गेले, आणि त्या चारही घरी मी स्वतः जाऊन सांगून आलो. तात्यांच्या रानात जिथं जेसीबी फिरला तिथं खळगे पडले.

त्या दीड दिवसात आण्णा यंत्राजवळ थांबले नाहीत. त्यांनी भिंतीवरच्या खुंटीचा विळा काढला, कानशीवर दोनदा ओढला आणि आक्कांच्या रानात गेले. आक्का, त्यांची सून, आई आणि आण्णा असे चौघे कापत होते. मी दुपारी जेवणाचा डबा घेऊन गेलो तेव्हा आण्णांचा हात थरथरत होता. सत्तरी ओलांडलेला माणूस. मी म्हणालो, "आण्णा, मी कापतो, तुम्ही बसा." त्यांनी विळा दिला नाही. आईनं आपला दिला. अंधार पडेपर्यंत कापत होतो. मुठीत धरलेलं सोयाबीन विळ्याला भिडतं तेव्हा एक कोरडा, करकर आवाज होतो. यंत्राच्या केबिनमध्ये तो कधी ऐकू येत नाही.

आमचं रान वहीत शेवटी होतं, ते शेवटीच निघालं. ऑक्टोबरच्या अखेरीला पुन्हा पाऊस झाला आणि राहिलेलं दोन एकर भिजलं. त्या रात्री जेवताना मी आण्णांशी भांडलो. निदान या वर्षी तरी आपलं आधी काढायला हवं होतं, हप्ता आपल्याला भरायचाय, असं बरंच काही बोललो. आण्णांनी उत्तर दिलं नाही. भाकरी पुरी केली, हात धुतले आणि कटरबारला ग्रीस मारायला गेले.

आता सोलापूरची गड्डा यात्रा सरली आहे. सिद्धरामेश्वराच्या यात्रेहून पाळणेवाले अजून हलले नसतील. परवा मी तात्यांच्या बांधावर उभा होतो. ज्वारी पोटऱ्यात आली आहे. पण रानाच्या मधोमध दोन पट्टे सरळ दिसतात, आमच्या यंत्राच्या चाकांच्या अंतराएवढे. तिथली ज्वारी शेजारच्यापेक्षा हातभर बुटकी आहे, पानं पिवळी. दाबलेल्या मातीत मुळी खाली गेली नाही. रान नांगरलं होतं, पाळी घातली होती, तरी चाकांचं दाबणं वर दिसलंच. तात्यांनी मला तिथं उभं बघितलं आणि लांबूनच हात केला.

तिथून आण्णा मला आक्कांकडं घेऊन गेले. त्यांची पेर लवकर झाली होती, बांधाच्या कडेला चार ओळी गुळभेंडीच्या. हुरडा भरला होता. त्या पंचवीस गुंठ्यांत एकसारखी ज्वारी, कुठं खाच नाही, पट्टा नाही. आक्कांनी आगटी पेटवली, गोवऱ्यांच्या निखाऱ्यात कणसं खुपसली, गरम कणीस तळहातांत चोळून दाणे मोकळे केले आणि शेंगदाण्याच्या चटणीबरोबर आमच्यापुढं ठेवले. थोडा वेळ कुणी बोललं नाही.

मग आक्का चिंचेकडं बघत म्हणाल्या, "म्या काय म्हणते, ही चिंच तोडली तर येईल का तुमचं यंत्र आत?"

आण्णा उठले. विहिरीच्या कठड्यापासून बुंध्यापर्यंत पावलं टाकत गेले, परत आले. चिंचेला आकडे लागले होते, ते बघत थोडा वेळ उभे राहिले.

"झाडाला हात लावू नको, आक्का," ते म्हणाले. "वैरागात एकाकडं जुनं सात फुटी हाय म्हणतेत. पट्ट्याचं. शिमगा झाला की बघून येतो." मग माझ्याकडं वळून म्हणाले, "टेप घे बरोबर," आणि आगटीत दुसरं कणीस खुपसलं.